‘कोरलाइन’ चुनखडीत प्रवाळ किती? बाघच्या दगडाची गोष्ट



पीएचडी करणाऱ्याला घरचे विचारतात, "अजून किती वर्षं?" जीवाश्मांवर पीएचडी करणाऱ्याला बाहेरचेही विचारतात, पण दगडाबद्दल! "हा बघ, सोसायटीच्या मागे मिळाला. प्रवाळ आहे का? किती वर्षांचा असेल?" कळंबोलीत राहून हा प्रश्न मला इतक्यांदा आला आहे, की एकदा सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं.

प्रश्न दोन आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी ‘हे काय आहे?’ आणि मग ‘किती जुनं आहे?’. पहिल्याचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचं बरोबर येणं हा फक्त नशिबाचा भाग. याचं एक उत्तम उदाहरण आपल्या भूशास्त्राच्या इतिहासातच आहे: बाघची ‘कोरलाइन लाइमस्टोन’, म्हणजे नावानुसार प्रवाळी चुनखडी. तिच्याकडे जायच्या आधी थोडं घराजवळचं बघू.

कळंबोलीच्या मातीत प्रवाळ सापडेल का?

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. लाव्हात प्रवाळ वाढत नाही, हे सांगायला नकोच. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात जो गाळ साचला त्यात जीवाश्म मिळतात. मुंबईत वरळी आणि मलबार हिलच्या अशा थरांमधून बेडूक आणि कासवांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. पण ते गोड्या पाण्यातले प्राणी. प्रवाळाला समुद्र लागतो.

मग लोकांना ‘प्रवाळ’ म्हणून काय सापडतं? बहुतेक वेळा तीन गोष्टी. एक, सच्छिद्र बेसॉल्ट: लाव्हातून वायू निघून गेल्यावर राहिलेली भोकं. दोन, झिओलाइट: याच भोकांमध्ये नंतर वाढलेले पांढरे स्फटिक. खडीच्या खाणीत फुटलेल्या दगडात ते मधोमधून चक्रासारखे पसरलेले दिसतात आणि पहिल्या नजरेला हुबेहूब प्रवाळाच्या फुलासारखे वाटतात. तीन, खरोखरचं प्रवाळ, पण बाहेरून आलेलं: कुणाच्या फिशटँकमधलं, सहलीवरून आणलेलं. कळंबोली ही सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलेली वसाहत आहे. इथल्या भरावातला दगड कुठून आला हे त्या दगडालाच विचारावं लागेल!

ओळखायचं कसं?

एक साधं भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. दगड ओला करा, म्हणजे बारकावे उठून दिसतात. आता बघा, भोकांची रचना नियमित आहे का? बेसॉल्टमधली भोकं लहानमोठी, वेडीवाकडी आणि विखुरलेली असतात. प्राण्याने बांधलेलं घर असेल तर एकाच मापाच्या खोल्या, एकाच पद्धतीने, शेजारी शेजारी दिसतात.

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून बुडबुडे येतात का, ही तपासणी बरेच जण करतात. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्यामुळे बुडबुडे यायला हवेत. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण बेसॉल्टच्या भोकांमध्ये कॅल्साइटही वाढतं आणि तेही बुडबुडे देतं. बुडबुडे आले नाहीत तर शंका घ्या. आले तर भिंगाकडे परत या.

प्रत्येक खोलीच्या आत काय आहे, ते सगळ्यात महत्त्वाचं. प्रवाळाच्या पेल्यात कडेकडून मध्याकडे जाणारे उभे पडदे असतात, सायकलच्या आऱ्यांसारखे. आजच्या प्रवाळांच्या गटात, स्क्लेरॅक्टिनियात, हे पडदे सहाच्या पटीत मांडलेले असतात. त्याहून जुन्या रुगोसा गटात पडद्यांची मांडणी चार भागांत होते. टॅब्युलाटा नावाच्या तिसऱ्या गटात उभे पडदे नावापुरते आणि आडवे मजले मात्र ठळक, जणू नळीत एकावर एक ताटल्या रचल्या आहेत.

आता गंमत बघा. नुसती ही ओळख पटली तरी वयाचा बराच अंदाज येतो. रुगोसा आणि टॅब्युलाटा हे दोन्ही गट पर्मियन कालखंडाच्या शेवटी, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, कायमचे संपले. स्क्लेरॅक्टिनिया त्यानंतर, ट्रायासिकच्या मध्यात अवतरले. म्हणजे चार भागांची मांडणी दिसली तर दगड किमान २५ कोटी वर्षांचा. सहाच्या पटीतली दिसली तर त्याहून अलीकडचा. एकही यंत्र न वापरता!

आता बाघला जाऊ

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ नावाचं गाव आहे. भित्तिचित्रांची बौद्ध लेणी तिथलीच. संस्थानी काळात ही लेणी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या मुलखात होती आणि शेजारी धारला पवारांचं राज्य, त्यामुळे मराठी माणसाला हा भाग अगदीच परका नाही. लेणी खोदली आहेत वालुकाश्मात. हा वालुकाश्म आणि त्याच्यावरचे चुनखडीचे थर मिळून ‘बाघ बेड्स’ होतात. सगळ्यात खाली निमार वालुकाश्म, त्यावर गाठीगाठींची नोड्युलर चुनखडी, मग मार्ल म्हणजे चिकणमाती मिसळलेला चुन्याचा थर, आणि वर ती आपली कोरलाइन चुनखडी. या सगळ्यांच्या डोक्यावर दख्खनचा बेसॉल्ट. एके काळी नर्मदेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडचा समुद्र इतका आत आला होता, याचा हा पुरावा.

या थरांच्या वयाच्या शोधाची एक वाट मुंबईतून जाते. हेन्री जॉन कार्टर हा मुंबईत नोकरीला असलेला शल्यवैद्य. फावल्या वेळात तो मुंबईच्या तलावांमधले गोड्या पाण्याचे स्पंज तपासायचा, मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर लिहायचा. त्याआधी तो ‘पॅलिन्युरस’ नावाच्या सर्वेक्षण जहाजावर डॉक्टर म्हणून अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावर फिरला होता आणि तिथले जीवाश्मही त्याने गोळा केले होते. पुढे १८६५ मध्ये लंडनमध्ये पीटर मार्टिन डंकन याने अरबस्तानच्या त्या किनाऱ्यावरचे आणि बाघचे सागरी साळू (म्हणजे समुद्रातले काटेरी, गोल कवचाचे प्राणी) एकत्र अभ्यासले. दोन्हीकडच्या साळूंमध्ये त्याला साम्य आढळलं आणि त्यावरून त्याने बाघचे थर क्रिटेशस कालखंडातल्या सेनोमानियन काळाच्या आसपास बसवले.

यात काय झालं ते नीट बघा. किरणोत्सर्गाने खडकाचं वय मोजण्याची कल्पनाही तेव्हा कुणाला नव्हती, कारण किरणोत्सर्गच सापडायचा होता. तरीही डंकन वयापर्यंत पोहोचला, कारण त्याच्या हातातल्या प्राण्यांची ओळख त्याला पक्की माहीत होती आणि तेच प्राणी दुसरीकडे कुठल्या थरात मिळतात हेही माहीत होतं. हाच डंकन जीवाश्म प्रवाळांचाही जाणकार होता. सिंधच्या जीवाश्म प्रवाळांवरचा त्याचा ग्रंथ १८८० मध्ये निघाला.

१८६९ मध्ये विल्यम ब्लॅनफर्डने तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्याचा अहवाल लिहिला. १८८४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी नर्मदेच्या याच भागाचा आणखी बारीक अहवाल दिला. बोस यांचं नाव कळंबोलीकरांनी तर जरूर लक्षात ठेवावं. आपल्या स्टील मार्केटमध्ये रोज जे लोखंड उतरतं, त्या उद्योगाच्या मुळाशी बोस यांनी १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना लिहिलेलं एक पत्र आहे. मयूरभंजमधल्या गोरुमहिसाणीच्या लोहखनिजाची खबर त्यात होती, आणि त्यातूनच पुढे जमशेदपूरचा कारखाना उभा राहिला. तर, या जुन्या सर्वेक्षण अहवालांच्या काळात ‘कोरलाइन लाइमस्टोन’ हे नाव रुळलं आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं.

नाव प्रवाळाचं, घर दुसऱ्याचं

या चुनखडीचा तुकडा भिंगाखाली धरला तर बारीक फांद्यांचे असंख्य तुकडे दिसतात. प्रत्येक फांदीवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं. पण छिद्रांच्या आत आरे नाहीत! आणि माप बघा: प्रवाळाचा पेला साधारण मिलिमीटरभर ते काही सेंटिमीटर असतो. इथली छिद्रं मिलिमीटरच्याही बरीच खाली. हे प्रवाळ नव्हे, ब्रायोझोआ आहेत. वसाहतीने राहणारे अगदी चिमुकले प्राणी. तोंडाभोवती बारीक स्पर्शिकांचा झुबका असलेले आणि प्रवाळाशी दूरदूरचंही नातं नसलेले. बाघच्या थरांत खऱ्या प्रवाळांचा वाटा अगदी किरकोळ आहे. कोरलाइन चुनखडीचा मोठा भाग ब्रायोझोआंच्या तुकड्यांचा आहे.

मग जुन्या लोकांनी डोळे झाकून नाव दिलं का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. ‘कोरलाइन’ हा इंग्रजीत आधीपासूनच एक ऐसपैस शब्द होता. समुद्रातलं जे जे काही बारीक, फांद्यांचं आणि प्रवाळासारखं दिसतं, ते सगळं कोरलाइन. जॉन एलिसने १७५५ मध्ये या ‘कोरलाइन्स’वर अख्खा ग्रंथ लिहिला. लोक ज्यांना समुद्री वनस्पती समजत होते त्यातल्या कित्येक गोष्टी प्राणी आहेत, हे त्याने त्यात दाखवलं. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातही एक ‘कोरलाइन क्रॅग’ नावाचा थर आहे आणि गंमत म्हणजे तिथेही ब्रायोझोआच भरलेले आहेत. ‘ब्रायोझोआ’ हे नाव १८३१ मध्ये आलं, पण जुना शब्द बोलण्यातून जायला वेळ लागतो.

अडचण जुन्या लोकांची नाही, आपली आहे. आज कुणी ‘कोरलाइन’ वाचतं आणि डोक्यात लगेच लक्षद्वीप उभं राहतं: निळं उथळ पाणी, ऊन, प्रवाळांची भिंत. म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात प्रवाळ बेटं होती! परीक्षेच्या नोट्समध्ये हे वाक्य मी स्वतः वाचलं आहे. भिंत बांधणाऱ्या प्रवाळांना उबदार, उथळ, स्वच्छ आणि उजेडाचं पाणी लागतं, कारण त्यांच्या शरीरात राहणाऱ्या शैवालांना सूर्यप्रकाश हवा असतो. ब्रायोझोआंची तशी अट नाही. ते पाण्यातले कण गाळून खातात, थंड पाण्यात, अंधारातही राहतात. म्हणजे एका नावाच्या गैरसमजामुळे आपण एका अख्ख्या समुद्राचं तापमान, खोली आणि उजेड चुकीचा ठरवू शकतो. ओळख महत्त्वाची म्हणतो ती एवढ्यासाठी.

पुण्याचे धागे

या ब्रायोझोआंकडे नीट लक्ष दिलं जी. डब्ल्यू. चिपळोणकर यांनी. १९३७ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी बाघच्या जीवाश्मांचा एकेक गट हातात घेतला. सागरी साळू, शिंपले, अ‍ॅमोनाइट. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसीडिंग्जमध्ये त्यांचे निबंध एकामागून एक येत राहिले. बाघच्या ब्रायोझोआंवरचा निबंध १९३९ चा. सगळे गट हाताळून झाल्यावर, १९४२ मध्ये, त्यांनी या प्राणिसमूहाचं वय आणि नातीगोती यांवर लिहिलं. हा क्रम मला फार शिकवून जातो: आधी एकेका प्राण्याची ओळख, मगच वय.

पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, चिपळोणकर आणि आर. एम. बडवे यांनी मिळून बाघच्या जीवाश्मांवर काम चालू ठेवलं.

१९३९ च्या निबंधात चिपळोणकरांनी ‘डायमॉर्फोपोरा’ नावाची एक जाती वर्णन केली होती. नावाचा अर्थ, दोन प्रकारच्या छिद्रांची. तिच्या खोल्या लांबट नळ्यांसारख्या, म्हणून ती सायक्लोस्टोम या नळीदार खोल्यांच्या गटातली मानली गेली. १९९५ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधले पॉल टेलर आणि आपले बडवे यांनी ती पुन्हा तपासली. निष्कर्ष असा, की ही जाती चायलोस्टोम या वेगळ्याच गटातली आहे. त्या गटात साधारणपणे छोट्या पेट्यांसारख्या खोल्या असतात, पण या जातीने नळीदार रूप घेतलं होतं. नातं नसताना रूप सारखं. असाच प्राणी युरोपातल्या क्रिटेशस खडकांतही असल्याचं त्यांनी दाखवलं. नव्या प्रजातीला त्यांनी नाव दिलं ‘चिपळोणकरिना’.

वर्गीकरण बदललं, तरी नाव त्याच माणसाचं ठेवलं. चिपळोणकरांनी वर्णन इतकं काळजीपूर्वक केलं होतं आणि नमुन्याचा ठावठिकाणा इतका नीट नोंदवला होता, म्हणून ५६ वर्षांनी कुणाला ते तपासून दुरुस्त करता आलं. विज्ञानात याहून मोठी पावती कुठली असणार?

मग वय किती?

आता मुख्य हिशोब. कोरलाइन चुनखडीच्या वर बेसॉल्ट आहे. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे चुनखडी त्याहून जुनी. एक बाजू बंद झाली.

दुसरी बाजू खालून. खालच्या नोड्युलर चुनखडीत अ‍ॅमोनाइट मिळतात, गोगलगायीसारख्या वळणाच्या शिंपल्याचे, पण माकुळाच्या कुळातले प्राणी. अर्न्स्ट व्रेडेनबर्गने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं वर्णन केलं. अ‍ॅमोनाइट झपाट्याने बदलत गेले आणि समुद्रभर पसरले, त्यामुळे एकेक जात भूशास्त्रीयदृष्ट्या थोड्याच काळापुरती सापडते. अशा जीवाश्मांना निर्देशक जीवाश्म म्हणतात. नोड्युलर चुनखडी ट्युरोनियन काळातली, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे साधारण ९.४ ते ९ कोटी वर्षांपूर्वीची. तिच्यावरची कोरलाइन चुनखडी अर्थातच तिच्यानंतरची. ती बहुधा पुढच्याच कोनियासियन काळात बसते. ढोबळमानाने ९ कोटींच्या अलीकडे.

लक्षात घ्या, या हिशोबात कोरलाइन चुनखडीतल्या ब्रायोझोआंनी वय फारसं सांगितलंच नाही. अनेक ब्रायोझोआ दीर्घकाळ टिकून राहतात, म्हणून घड्याळ म्हणून ते तितके कामाचे नाहीत. वय सांगितलं शेजाऱ्यांनी, वरच्या लाव्हाने आणि खालच्या अ‍ॅमोनाइटने.

"पण कार्बन डेटिंग का नाही करत?" हा प्रश्न हमखास येतो. कार्बन-१४ चं घड्याळ सुमारे ५० हजार वर्षांत थांबतं. खऱ्या प्रवाळासाठी त्याहून लांब पल्ल्याचं युरेनियम-थोरियमचं घड्याळ आहे. प्रवाळ वाढताना समुद्रातलं युरेनियम सांगाड्यात घेतं, थोरियम जवळपास घेतच नाही. नंतर जे थोरियम सापडतं ते युरेनियमपासून तिथेच बनलेलं, त्यावरून वय निघतं. पण पल्ला साधारण पाच-सहा लाख वर्षांचा, आणि अट एक: प्रवाळाचं मूळ अ‍ॅरागोनाइट टिकलेलं हवं. पावसाच्या पाण्याने त्याचं कॅल्साइट झालं की घड्याळात ढवळाढवळ झाली समजायचं. कोट्यवधी वर्षांच्या बाबतीत थर आणि निर्देशक जीवाश्म यांनाच शरण जावं लागतं.

एक अपवाद सांगतो, इतका सुंदर की राहवत नाही. १९६३ मध्ये जॉन वेल्सने डेव्होनियन काळातल्या रुगोसा प्रवाळांच्या सालीवरच्या बारीक रेघा मोजल्या. रेघ रोज एक पडते असं धरलं, तर वर्षाला सरासरी ४०० च्या आसपास भरल्या. म्हणजे तेव्हा वर्षात सुमारे ४०० दिवस होते! भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी हळू होत चालली आहे, असं खगोलशास्त्रज्ञ सांगतच होते. प्रवाळाने साक्ष दिली.

दगड उचलण्यापूर्वी

आता पुन्हा त्या सोसायटीमागच्या दगडाकडे. समजा त्यात खरंच चार भागांचे पडदे दिसले, म्हणजे तो रुगोसा निघाला. वय किमान २५ कोटी. पण तो कुठल्या खडकातून आला, त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं? कळंबोलीच्या भरावात याचं उत्तर मिळणार नाही. तो स्पितीतून कुणाच्या बॅगेत आला असेल किंवा ऑनलाइन मागवलेला असेल. दगड हातात आहे, पण त्याचा पत्ता हरवला. आणि पत्ता हरवला की वयाचा निम्म्याहून जास्त पुरावा गेला.

म्हणून एक विनंती. बाघ असो, कच्छ असो की स्पिती, खडकात बसलेला जीवाश्म दिसला तर तो उपटू नका. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढा, मोबाइलवरून जागा नोंदवा, वरचा आणि खालचा थर फोटोत येऊ द्या, आणि जवळच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. आधीच घरात आलेला असेल तर कुठे, कधी, कसा मिळाला याची चिठ्ठी त्याच्यासोबत ठेवा. चिपळोणकरांच्या नमुन्यांना असा पत्ता होता, म्हणून ‘चिपळोणकरिना’ जन्माला आली. तुमच्या शोकेसमधल्या दगडाला तो नसेल, तर पन्नास वर्षांनी त्याच्याकडे बघणाऱ्याला फक्त एक छान दगड दिसेल.

शंका असतील तर खाली जरूर विचारा. फोटो पाठवताना भिंगातून काढलेला पाठवा आणि दगड ओला करायला विसरू नका!